इन्चार्जपद गेलं: त्याच वॉर्डात राहावं की बदली मागावी?

सरकारी परिसेविकेला (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला) शिक्षा म्हणून अधिपरिचारिका (साधी स्टाफ नर्स) करायचं तर आधी चौकशी लागते. घटनेचं कलम 311 आडवं येतं. आम्हा खासगी हॉस्पिटलच्या सिस्टरांना एक पत्र पुरतं.

त्याच वॉर्डात राहिलं तर हात सरावलेला असतो, क्रॅश कार्टमधलं (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीतलं) अ‍ॅड्रेनालिन डोळे मिटून सापडतं. पण कालपर्यंत ड्युटी लिस्ट मी लावायचे; आता ज्युनिअरकडेच रविवारची सुट्टी मागायची! कपाटाच्या किल्ल्या तिला देताना दोघींच्याही माना खाली होत्या. त्यात नातेवाईक अजून मलाच ‘मोठ्या सिस्टर’ म्हणायचे.

डायलिसिसला बदली घेतली तर जुनं कुणाला ठाऊक नसतं (निदान आठवडाभर). मशीन मात्र पहिल्यापासून शिकायचं.

मी बदली घेतली. पगारही कापत असतील तर आधी लेखी कारण मागा, मगच सही करा.