ठासणीच्या बंदुकीत शिशाऐवजी तांबे : कॅलिफोर्नियातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या मे महिन्यापर्यंत मी दोन ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकांतून शिशाविरहित गोळ्यांचे सुमारे सव्वाशे बार काढले. एक बंदूक आधुनिक, नळीच्या थेट मागून ठिणगी घेणारी. दुसरी जुन्या घाटाची, बाजूला घोडा असलेली आणि चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी मारणारी. दोन्हींच्या नळीचा व्यास अर्धा इंच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही बंदुकीने कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करताना वजनाने एक टक्क्याहून अधिक शिसे असलेली गोळी चालत नाही, आणि ठासणीच्या बंदुकीला यातून सूट नाही. सूट असेल अशी माझी भाबडी समजूत होती.

नियमाचे मूळ कॅलिफोर्निया कॉन्डोर या प्रचंड गिधाडात आहे. १९८२ साली हे पक्षी अवघे २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा रानटी पक्षीही पकडून, असतील नसतील ते २७ पक्षी प्रजननासाठी पिंजऱ्यात ठेवले गेले आणि १९९२ पासून पुन्हा सोडण्यास सुरुवात झाली. शिकाऱ्याने रानात टाकलेल्या आतड्यांतून शिशाचा कण पोटात गेला, की पक्ष्याची पचनसंस्था लुळी पडते आणि खाल्लेले पुढे सरकत नाही, त्यामुळे भरल्या पोटी उपासमार होते. आपल्याकडची गिधाडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांच्या मृतदेहांमुळे संपत आली; विष वेगळे, पण ते मेलेल्या जनावरातून पोटात जाण्याचा मार्ग तोच. म्हणून २००८ पासून कॉन्डोरच्या टापूत आणि २०१३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने संपूर्ण राज्यात शिसे बंद झाले.

ठासणीचे जुने शिकारी म्हणतात, की आमची मऊ, जड आणि संथ गोळी वेगवान रायफलीच्या गोळीसारखी फुटून विखुरत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि कायद्याने तो फरक केलेला नाही, हेही खरे; पण एवढासा तुकडाही पक्ष्याला पुरत असेल, तर मला हा फरक न करणे पटते.

आधुनिक बंदुकीसाठी मी २९० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) अखंड तांब्याची, टोकाला खोल पोकळी असलेली गोळी घेतली. शिसे मऊ असल्याने दारूच्या धक्क्याने फुगून नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत बसते. तांबे तसे फुगत नाही. म्हणून ही गोळी ०.४५१ इंचाची, नळीपेक्षा बारीकच असते आणि सॅबो नावाच्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसवून ठासावी लागते. नळी बंद करण्याचे आणि गोळीला फिरकी देण्याचे काम ही वाटी करते. सारे यश किंवा अपयश या वाटीत आहे, हे कळायला मला तीन महिने लागले. पहिल्या पाकिटातील वाट्या माझ्या नळीला इतक्या घट्ट होत्या, की दुसऱ्याच बारानंतर गजावर सारे वजन टाकावे लागे, आणि १०० यार्डांवर गोळ्या सहा-सात इंचांत विखुरत. जरा सैल वाटी घेतली, प्रत्येक बारानंतर ओल्या आणि मग कोरड्या चिंधीने नळी पुसू लागलो, आणि तापलेल्या नळीत प्लॅस्टिक मऊ पडते म्हणून दोन बारांमध्ये दहा मिनिटे थांबू लागलो. तेव्हा कुठे तीन गोळ्या तीन इंचांत बसू लागल्या. एका बाराला दोन डॉलरच्या आसपास खर्च येतो, त्यामुळे चांदमारीत हात आपोआप आखडतो. कायदा फक्त शिकारीला लागू असल्याने चांदमारीसाठी शिसे चालते. परंतु दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत, म्हणून तो सराव शिकारीच्या कामाचा नाही.

खरी अडचण जुन्या घाटाच्या बंदुकीची आहे. तिच्या मालकाचा अर्धा आनंद घरी गोळ्या ओतण्यात असतो, आणि १,०८५ अंशांना वितळणारे तांबे घरच्या शेगडीवर कोण ओतणार? मी कथील ओतून पाहिले. पितळी भांड्यांना कल्हई करायचे तेच हे कथील. ते २३२ अंशांना, म्हणजे शिशाच्याही आधी वितळते आणि गोळी चांदीसारखी देखणी निघते. शिशाचे जुने भांडे मात्र कथलासाठी अजिबात वापरू नये, कारण त्यातल्या अवशेषांनी एक टक्क्याची मर्यादा सहज ओलांडली जाईल. दोष वजनाचा आहे : ०.४९० इंचाची शिशाची गोल गोळी १७७ ग्रेनची, तर कथलाची जेमतेम ११४ ग्रेनची भरते. ती जोरात निघते आणि लवकर दमते. ५० यार्डांवर माझे काम समाधानकारक झाले, ७५ यार्डांवर मात्र वाऱ्याने गोळी स्पष्टपणे सरकू लागली. या गोळीने मी केवळ चांदमारी केली, शिकार केली नाही, आणि सध्या ती बंदूक शिकारीला नेतही नाही.

पिशवीबद्दल एक सूचना आवर्जून करतो. शिकारीला निघालेल्या माणसाजवळ शिशाची गोळी आणि ती मारू शकणारी बंदूक या दोन्ही असल्या, तर गोळी न झाडताही नियमभंग होतो. पहिल्या वेळी ५०० डॉलर आणि पुढे १,००० ते ५,००० डॉलर दंड आहे. आमच्या पिशव्यांच्या तळाशी वर्षानुवर्षांच्या गोल गोळ्या लोळत असतात. माझ्याही पिशवीत दोन निघाल्या, सुदैवाने घरीच.

फेब्रुवारीत सॅन बेनिटो काउंटीतील एका खाजगी कुरणात, कॉन्डोरांचा वावर असलेल्या पिनॅकल्स नॅशनल पार्कपासून फार दूर नाही अशा डोंगरात, ७० यार्डांवर एक रानडुक्कर मिळाले. कोकणात आजोबांची परवान्याची बंदूक ज्या जनावरापासून नाचणी राखायची, त्याचाच हा भाऊबंद. गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातडीखाली अडकली होती. तिच्या सहाही पाकळ्या उलगडलेल्या, एकही तुटलेली नव्हती. घरी वजन केले तेव्हा ती २८८ ग्रेन भरली. आतडी मी तिथेच उघड्यावर ठेवून आलो.