हवानात स्वतःच्या पसंतीने वळून घेतलेले सिगार : काही महिन्यांच्या वापरानंतर

क्युबातल्या हवानाला जाऊन आपल्या आवडीप्रमाणे सिगार वळून घ्यावेत का, याला माझं उत्तर आता ठाम ‘हो’ आहे. अट एकच. कारागिराला नुसतं ब्रँडचं नाव सांगून थांबू नका. तुम्ही सिगार कधी ओढता, निवांत वेळ किती असतो आणि कोणती चव नकोशी होते, ते सांगा.

हवानातल्या काही मोठ्या सिगार दुकानांत दुकानाचाच तोर्सेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर, बसलेला असतो. त्याने वळलेल्या सिगारला बँड, म्हणजे ब्रँडची कागदी पट्टी, नसतो, नाव नसतं. आम्ही चौघे मित्र गेलो होतो. एकाला पार्तागास या क्युबन ब्रँडच्या सेरी डी नंबर ४ सारखा जाड आणि कडक हवा होता. दुसऱ्याला अगदी सौम्य, संध्याकाळी चहानंतर ओढता येईल असा. तिसरा निपाणीचा, घरात तंबाखूचा व्यापार. त्याने आधी पान हातात मागितलं, बोटांनी चोळून तेल आणि शिरा बघितल्या आणि मग आवड सांगितली. मला बारीक आणि लांब हवा होता, कोहिबा लान्सेरोच्या मापाचा, म्हणजे ३८ रिंग आणि १९२ मिमी. रिंग हे जाडीचं माप, इंचाचा चौसष्टावा भाग. त्या हिशेबाने ३८ रिंग म्हणजे साधारण १५ मिमी जाडी, आणि सेरी डी नंबर ४ ची ५० रिंग म्हणजे जवळपास २० मिमी.

आमच्यातल्या एकाला स्पॅनिश येतं, त्यामुळे बोलणं नीट झालं. कारागिराने आमची ब्रँडची नावं ऐकून घेतली आणि उलट प्रश्न विचारले : जेवणाआधी की नंतर? अर्धा तास की दीड? सिगार मध्येच विझतो का? उत्तरं ऐकता ऐकता तो समोरच्या ढिगांतून पानं वेगळी काढत होता. आतल्या भरणात मुख्यतः तीन प्रकारांची पानं असतात. झाडाच्या खालच्या भागातलं व्होलादो चांगलं जळतं, मधलं सेको सुगंध देतं आणि वरचं लिखेरो कडकपणा. लिखेरो जाड आणि तेलकट असतं, हळू जळतं, म्हणून ते बरोबर मधोमध ठेवतात. बारीक सिगारमध्ये ते जरा जास्त झालं की जळणं बिघडतं आणि झुरकाही अडतो. म्हणून त्याने माझी ३८ रिंग मान्य केली नाही. ४२ रिंग आणि १६५ मिमी घे, लिखेरो नावापुरतं घालतो, असं त्याने सुचवलं. तो सल्ला सोन्यासारखा निघाला.

क्युबातून सुटे सिगार २० पर्यंतच कागदपत्रांशिवाय नेता येतात आणि आपल्याकडे करमुक्त मर्यादा २५ ची आहे, म्हणून प्रत्येकाने २० घेतले. पुण्यात आल्यावर आधी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये आणि मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवले. कारखान्याचा माल तंबाखूच्या किड्यामुळे गोठवून बाहेर पडतो, दुकानात वळलेल्याची तशी खात्री नसते, आणि आपला उन्हाळा त्या किड्याच्या अंड्यांना फारच मानवतो. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी बोव्हेडाची पाकिटं घालून घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवले. पावसाळ्यात डबा उगाच उघडू नये, एवढंच पथ्य.

आता चवीचं. हवानात, ताजा वळलेला, छान लागला होता. घरी आल्यावर पहिले काही आठवडे मात्र निराशेचे गेले : अमोनियाचा दर्प, जिभेवर कच्ची तिखट चव, राख ढिली. पान अजून आंबत असतं, ते शांत व्हायला वेळ लागतो. तीन महिन्यांनंतर दर्प गेला. आता सुरुवातीला देवदाराचा वास, मध्यावर भाजलेल्या शेंगदाण्याची गोडी आणि शेवटी काळी मिरी, असा क्रम स्वच्छ कळतो. घाई न करता तासाभराहून थोडा जास्त पुरतो.

चौघांच्या सिगारची अदलाबदल करून ओढल्यावर माझं एक मत पक्कं झालं. सध्या जाड रिंगची हौस वाढली आहे, पण चव बारीक सिगारमध्येच खरी कळते. बारीक सिगारमध्ये भरणाच्या मानाने वरच्या आवरणाच्या पानाचा (स्पॅनिशमध्ये ‘कापा’) वाटा मोठा असतो, आणि सावलीत कापडाखाली वाढवलेल्या त्या पानाचं सौंदर्य जाड सिगारमध्ये भरणाखाली दबून जातं. कडक सिगारवाल्या मित्राला हे पटत नाही. त्याचा सिगार रात्रीच्या भरपेट जेवणानंतर उत्तम आहे, हे मीही मानतो. रिकाम्या पोटी मात्र तो गरगरवतो. निपाणीकराचा मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा सरस निघाला. त्याने सेको वाढवायला सांगितलं होतं, आणि त्याच्या सिगारचा सुगंध खोलीत दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो.

तक्रारीही आहेत. काही सिगार एका बाजूने जळत गेले, आणि एक इतका घट्ट होता की झुरकाच येईना. कारखान्यात झुरका तपासायला यंत्रं असतात, इथे सगळा भरवसा हातावर. कारखान्याच्या पेटीवर ती भरल्याचा महिना-वर्ष आणि हिरवा सरकारी शिक्का असतो, तसं इथे काहीच नाही, म्हणून तारीख स्वतः लिहून ठेवा. शिवाय पुढच्या वेळी तीच पानं मिळतील असं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळाने पिनार देल रिओ या क्युबातल्या मुख्य तंबाखू प्रांतातली तंबाखू सुकवायची हजारो घरं पाडली. अशा वर्षांनंतर कारागिराच्या हातात जे पान येईल त्यावरच भागवावं लागतं.

किमतीचा विचार केला तर सौदा चांगला आहे. त्याच २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडांच्या किमती जगभर एका पातळीवर आणताना भरमसाट वाढवल्या गेल्या. त्या पैशांत असे कितीतरी सिगार येतात. रस्त्यावर ‘सहकारी संस्थेतला स्वस्त कोहिबा’ विकणाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नका, तो माल नकली असतो. आणि धूर छातीत ओढायचा नसला तरी तंबाखू तोंडाला घातकच, म्हणून आमच्यात रोजचा सिगार कोणीच ओढत नाही.

पुढच्या खेपेला मी सांगणार आहे : ४२ रिंग तशीच, लांबी १२९ मिमी, सेको थोडं जास्त, लिखेरो अजिबात नको, आणि प्रत्येक सिगारचा झुरका टोक कापण्याआधी बोटांनी दाबून माझ्यासमोर तपासून दे.