डिप्रेशन किंवा अँग्झायटी असताना निकोटिन गम : चीज कामाची, पण चघळणं शिकावं लागतं

सिगारेट सोडताना मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं २ मिग्रॅचं निकोटिन गम डिप्रेशन किंवा अँग्झायटी असलेल्यांनी जरूर वापरावं. ते फसतं बहुतेक वेळा चघळण्यात. साध्या च्युइंगगमसारखं भराभर चावलं की निकोटिन एकदम सुटतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी, मळमळ, जळजळ, धडधड. अँग्झायटी असलेल्याला ती धडधड पॅनिक अटॅकसारखी वाटते. तो घाबरून गम थुंकतो आणि थेट टपरी गाठतो.

म्हणून सावकाश चावा. जिभेला मिरमिर लागली, तिखटसर चव आली की थांबा आणि गम गाल-हिरडीच्या मधे, तंबाखूची गोळी धरतात तिथे, दाबून ठेवा. मिनिटभरात मिरमिर ओसरली की पुन्हा थोडं चावायचं आणि जागा बदलायची. एक गम अर्धा तास चालतं. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी बंद. तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून शोषलंच जात नाही. चहासोबत सिगारेट ओढणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

दुसरी चूक काटकसरीची. दिवसाला दोन-तीन गम खाऊन 'काही फरक नाही' म्हणण्यात अर्थ नाही. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्यायचं, मग अंतर वाढवत १२ आठवड्यांत थांबायचं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिग्रॅ कमी पडतं. ४ मिग्रॅसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मानसिक आजाराच्या औषधांची. सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात आणि काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबला की क्लोझापिन, ओलान्झापिन यांची रक्तातली पातळी चढते. तोच डोस जड होतो, फार झोप येते. गममधलं निकोटिन हे एन्झाइम वाढवत नाही, त्यामुळे गम चालू असलं तरी डोस तपासावाच लागतो. सिगारेट सोडायची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधीच सांगा, स्वतःहून गोळी कमी करू नका. कॅफिनचंही तसंच होतं, म्हणून चहा-कॉफी निम्मी करा, नाहीतर अस्वस्थता वाढते आणि दोष गमवर येतो.

पहिल्या आठवड्यात चिडचिड, उदासी, झोपमोड सर्वाधिक असते, दोन ते चार आठवड्यांत उतरते. त्यापुढेही उदासी टिकली तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटला तर थांबू नका, लगेच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

गम पुरलं नाही तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. या औषधांनी मन बिघडतं ही भीती जुनी आहे. २०१६ मध्ये आलेल्या, ८ हजारांहून अधिक जणांवर ही औषधं तपासणाऱ्या ईगल्स चाचणीत निम्म्या लोकांना मानसिक आजार होता. तरी डमी गोळीच्या तुलनेत मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही. फिट येत असतील तर मात्र ब्युप्रोपिऑन नको.

कवळी असेल तर गम चिकटतं. त्यांनी त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच घ्यावा.