युरोलीग 2023-24: लांबला, पण शेवट दणक्यात

युरोपातल्या क्लबांची ही बास्केटबॉल स्पर्धा; तेव्हा 18 संघ, साखळीत 34 फेऱ्या. हिवाळ्यात हंगाम जरा रेंगाळतोच. नव्या प्ले-इनने (प्लेऑफच्या शेवटच्या दोन जागांसाठीचे सामने) मात्र गुणतक्त्याच्या मधल्या भागाला धार आणली: सातवा-आठवा भिडतात, हरणाऱ्याला नववा-दहावा सामन्याच्या विजेत्याशी आणखी एक संधी. प्लेऑफमध्ये पाचपैकी तीन सामने जिंकायचे, पण फायनल फोरमध्ये (उपांत्य आणि अंतिम फेरी) प्रत्येक वेळी एकच सामना. घसरलात की संपलं.

बर्लिनची फायनलच घ्या. रेआल माद्रिदने पहिल्या क्वार्टरमध्ये (दहा मिनिटांत) 36 गुण कुटले, मध्यंतराला 54-49. पुढच्या वीस मिनिटांत फक्त 26! ग्रीसच्या पनाथिनायकोसने बचाव आवळला, त्यांच्या स्लुकासने 24 गुण काढले आणि 95-80 असा विजय. साखळीत अव्वल राहिलेल्या माद्रिदवर अन्याय? थोडासा. पुन्हा बघायचा तर उत्तरार्धच लावा.