एक लिटर टर्बो की दीड लिटर बिनटर्बो? निकाल दुसऱ्या गिअरमध्ये लागतो

कागदावर ही दोन पेट्रोल इंजिनं जवळजवळ सारखीच. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने फिरणारं चक्र ज्यात जास्तीची हवा दाबून भरतं ते, ११० ते १२० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) देतं, दीड लिटरचं चार सिलिंडरचं साधं इंजिनही साधारण तेवढेच. फरक दिसतो तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात. टर्बोचा १७० ते २०० न्यूटन मीटर, तोही १७५०-१८०० आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या). साध्याचा १४५ च्या आसपास आणि त्यासाठी इंजिन ४३०० च्या पुढे न्यावं लागतं. एवढ्यावर ठरवायचं तर टर्बो घेऊन मोकळं व्हावं. मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी मी तरीही दीड लिटर बिनटर्बो निवडलं, आणि त्याचं कारण या आकड्यांत छापलेलं नसतं. ते आहे १७५० आरपीएमच्या खाली.

आधी बूस्टचा, म्हणजे टर्बोने चढवलेल्या जादा दाबाचा, हिशेब. गेजवरचा १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी १ बार, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये एकूण २ बार. म्हणून एक लिटरचं इंजिन दोन लिटरचं झालं असं सर्रास बोललं जातं, पण तेवढं पदरात पडत नाही. हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा टर्बोच्या ७० टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरने २ बारपर्यंत दाबली तर ती १२५ अंशांच्या घरात बाहेर पडते आणि तिची घनता दुप्पट नव्हे, जेमतेम दीडपट झालेली असते. चांगला इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारी जाळी, तिला ६० अंशांपर्यंत उतरवतो, त्या बदल्यात थोडा दाब खातो, आणि शेवटी हाती लागते ती सुमारे पावणेदोन पट घनता. सिलिंडरला दाबाशी देणंघेणं नसतं. आत किती वजनाची हवा गेली यावर किती पेट्रोल जाळता येईल ते ठरतं.

म्हणूनच तोच टर्बो, तोच बूस्ट, आणि तरीही गाडी एकदा सुसाट तर एकदा मरगळलेली वाटू शकते. रखडत्या वाहतुकीत इंटरकूलरवर वारा नसतो, त्याची जाळी तापलेली असते, आत जाणारी हवा गरम होते आणि इंजिन नॉकच्या, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके बसण्याच्या, जवळ जातं. मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, गरज पडली तर बूस्टही कमी करतो. गाडी खराब झालेली नसते, ती स्वतःला वाचवत असते. हा झगडा जुनाच आहे. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोसह विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १०.२५ होतं आणि नॉक टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारलं जायचं. बाटली रिकामी झाली की यंत्रणाच बूस्टला लगाम घालायची, आणि बरेच मालक ती भरतच नसत. आज ते काम इंटरकूलर, थेट इंजेक्शन (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणं) आणि नॉक सेन्सर मिळून करतात. साध्या इंजिनालाही गरम हवा मानवत नाही, पण त्याचं नुकसान थोडं आणि सरळ असतं: तापमान वाढलं तेवढी हवा विरळ, बस्स.

उंचीवर मात्र टर्बोला तोड नाही. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ०.८ बार राहतो. साधं इंजिन तिथे जवळपास एक पंचमांश ताकद गमावून बसतं, आणि त्यावर काही उपाय नाही. टर्बो थोडा जास्त वेगाने फिरून मॅनिफोल्डमधला दाब पुष्कळसा राखतो. चार माणसं, सामान आणि वारंवार डोंगर चढणं असा वापर असेल तर पुढचं सगळं वाचूनही टर्बोच घ्यावा, असं प्रामाणिकपणे वाटतं.

आता ज्या एका त्रासामुळे माझा काटा झुकला तो.

बूस्ट नसताना एक लिटरचं इंजिन हे एक लिटरचंच इंजिन असतं. त्यात टर्बोसाठी कॉम्प्रेशन बेताचं ठेवलेलं, म्हणजे खालच्या आरपीएमला बूस्टविना सुमारे ८५ न्यूटन मीटर. बहुतेक छोट्या गाड्यांच्या गिअरिंगमध्ये दुसऱ्या गिअरला ताशी १५ किलोमीटर म्हणजे साधारण ११०० आरपीएम, आणि १७५० आरपीएम येतात ते २४ च्या आसपास. गतिरोधक ओलांडणं, वळणावर गती कमी करून पुन्हा उचलणं, पुढची गाडी हलली म्हणून मागोमाग सरकणं, हे सगळं याच १५ ते २४ च्या पट्ट्यात घडतं. १२०० आरपीएमला ८५ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ११ किलोवॅट. एसी जोरात चालू असेल तर त्यातले २ ते ३ किलोवॅट कंप्रेसर घेतो, म्हणजे पाव हिस्सा गेलाच. दीड लिटरचं इंजिन त्याच ठिकाणी १५ किलोवॅटच्या आसपास देतं आणि पॅडल दाबल्याक्षणी देतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक बूस्टचा उंबरठा: त्या आरपीएमच्या खाली एक्झॉस्टचा प्रवाहच इतका कमी असतो की टर्बाइन, म्हणजे टर्बोचं एक्झॉस्टकडचं चक्र, पुरेसं फिरत नाही, कितीही थांबलात तरी. दुसरा लॅग: उंबरठ्याच्या वर असूनही टर्बाइनला वेग घ्यायला लागणारा वेळ. आजच्या छोट्या टर्बोंचा लॅग खरंच कमी झालाय. चक्र हलकं असतं आणि पूर्ण बूस्टला मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास पोचतं. तक्रारी होतात त्या बहुतेक उंबरठ्याच्या. नाव लॅगचं घेतलं जातं, म्हणून उपायही चुकीचा शोधला जातो: मोकळा एअर फिल्टर, पॅडलचा प्रतिसाद बदलणारी डबी वगैरे. पॅडलची डबी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) लवकर उघडते, ११०० आरपीएमला नसलेला एक्झॉस्ट आणू शकत नाही.

होतं काय, की चालक दुसऱ्यात १५ ला पॅडल दाबतो, गाडी हलल्यासारखं करते, तो आणखी दाबतो. आरपीएम १७०० च्या पुढे गेले की टॉर्क क्षणात दुपटीच्या जवळ जातो. तोवर पॅडल गरजेपेक्षा जास्त खाली गेलेलं असतं, समोरची गाडी जवळ येते, पाय उचलला जातो. थ्रॉटल मिटतो, रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह उघडून दाब सोडून देतो आणि पुढच्या वेळी सगळं शून्यापासून. एकदा ठीक, तासभराच्या वाहतुकीत हे सतत चालतं. पायाची तीच हालचाल दरवेळी वेगळं उत्तर देते, हा खरा त्रास. ताकद कमी असली तर माणूस जुळवून घेतो, पण अंदाज लागत नसला तर घेता येत नाही.

पहिला गिअर टाकावा म्हटलं तर १५ च्या वेगाला तिथे जवळपास २००० आरपीएम असतात. बूस्ट मिळतो, पण पाय उचलला की गाडी मानेला झटका देते. मग लोक अर्ध्या क्लचवर आरपीएम चढवून बूस्ट बोलावतात. आणि इथे बिल फाटतं, कारण टर्बोचा टॉर्क नेमका घसरत्या क्लचवर येऊन आदळतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकमध्ये चित्र पालटतं. कन्व्हर्टर घसरू देतो, इंजिन लगेच १८००-२००० च्या आसपास पोचतं, वर टॉर्क वाढवूनही देतो. उंबरठा जवळजवळ झाकला जातो. ऑटोमॅटिक घेणार असाल तर माझं पारडं टर्बोकडे झुकेल. ड्राय ड्युअल क्लच, म्हणजे दोन कोरडे क्लच असलेला ऑटोमॅटिक, याबाबत तसं म्हणवत नाही. सरकत्या वाहतुकीत तोही शेवटी क्लचच घासतो.

देखभालीत साधं इंजिन क्षमाशील आहे. टर्बोवाल्याला तीन गोष्टी चालत नाहीत.

पहिली, तेलाची हयगय. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुनं झालं की गाळ टर्बोला तेल पुरवणाऱ्या बारीक फीड पाइपमध्ये किंवा तो जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या जाळीत बसतो, बेअरिंग उपाशी राहतं. नवीन टर्बो बसवताना जुना फीड पाइप तसाच ठेवला तर नवाही त्याच मार्गाने जातो. लांब, वेगाच्या किंवा चढाच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता ३० ते ६० सेकंद आयडलवर ठेवावं. बंद केल्यावर तापलेल्या टर्बाइनची उष्णता बेअरिंगमधल्या थांबलेल्या तेलात शिरते आणि त्याचा कोळसा होतो. बंद केल्यावरही पाणी फिरवणारा इलेक्ट्रिक पंप गाडीत असेल तर धोका कमी, पण सवय लावून घ्यायला काही लागत नाही.

दुसरी, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण पॅडल. चौथ्यात १५०० आरपीएमला पॅडल दाबून धरलं की थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात स्पार्कआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. असा एखादा जोरदार ठोका पिस्टनच्या रिंगांमधली कड फोडू शकतो. तेलातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा यात हात असतो, म्हणून २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन संस्थेची एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही तेलाची मानकं आली. थेट इंजेक्शनच्या टर्बोला डब्यावर एसपी लिहिलेलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घालावं. साधं इंजिन अशा वेळी थरथरून गिअर पाडायला सांगतं. टर्बोवालं निमूटपणे खेचतं, आणि तीच अडचण.

तिसरी, स्पार्क प्लगच्या टोकांमधल्या फटीची, म्हणजे गॅपची, हयगय. दाबलेल्या दाट हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून टर्बोला गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, साध्याला १.० ते १.१ चालते. घासून वाढलेली गॅप आधी फक्त पूर्ण बूस्टला मिसफायर देते (मिश्रण पेटतच नाही), आयडलला काही कळत नाही, आणि दोष विनाकारण प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर ढकलला जातो.

जुनी टर्बो गाडी बघताना इंजिन थंड असताना कंप्रेसरकडचा होज काढून चक्र बोटाने फिरवा. ते विनाअडथळा फिरलं पाहिजे. आजूबाजूला किंचित हललं तर चालतं, पण पाती घराला घासता कामा नयेत. आतबाहेर हललेलं जाणवलं तर टर्बो संपत आलाय. होजमध्ये तेलाचा पातळ ओलावा नेहमीचा, साचलेलं तेल नाही. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड म्हणजे बूस्ट कमी: लगेच टर्बो बदलू नका, आधी इंटरकूलरचे होज, क्लॅम्प आणि वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) दांडा तपासा.

मायलेजबद्दल थोडक्यात: हलक्या पायाने टर्बो पुढे, जड पायाने मागे, कारण सतत बूस्टमध्ये ठेवलं की इंजिन थंड ठेवण्यासाठी मिश्रण दाट करावं, म्हणजे पेट्रोल जास्त घालावं, लागू शकतं. साध्याचा आकडा पायागणिक इतका हलत नाही.

चाचणीची फेरी मागताना मोकळा रस्ता मागू नका; तिथे टर्बो जिंकणारच. इंजिन पूर्ण गरम, एसी सर्वांत थंडवर, चार माणसं आत. दुसऱ्या गिअरला १५ वर आणा आणि पॅडल अर्धं दाबून तसंच धरा. २५ पर्यंत जाताना खेच एकसारखी वाढते की मध्येच उडी घेते ते बघा. मग पाय पूर्ण उचलून दोन सेकंदांनी पुन्हा तेवढंच दाबा. हेच चढावर करा, हेच तिसऱ्यात ३० ला करा, आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, लागोपाठ चालवा.