ह्लिंका यांच्या पक्षावरील व्याख्यान: पूर्वार्ध भरीव, उत्तरार्ध उरकलेला

सोलापुरात नवी पेठेजवळ चालणाऱ्या एका सशुल्क व्याख्यानवर्गात युरोपातील राष्ट्रवादी पक्षांवर मालिका सुरू असून, तिच्यातील ह्लिंका यांच्या स्लोव्हाक पीपल्स पार्टीवरचे सत्र नुकतेच ऐकले. शुल्क शंभर रुपये, टिपणांच्या झेरॉक्ससह. पंखे सुरू असले की मागच्या रांगांना नीट ऐकू येत नाही, पुढे बसावे.

वक्त्यांनी आरंभ १९०७ मध्ये चेर्नोव्हा या स्लोव्हाक गावात घडलेल्या गोळीबारापासून केला. नव्या चर्चचे उद्घाटन आपल्याच गावच्या आंद्रेय ह्लिंका या धर्मगुरूंच्या हस्ते व्हावे, असा आग्रह धरणाऱ्या गावकऱ्यांवर हंगेरियन राजवटीच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १५ जण मृत्युमुखी पडले. मे १९३० चा, ब्रिटिश राजवटीतला सोलापुरातील गोळीबार घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या सोलापूरकरांना याचे वजन वेगळे सांगावे लागले नाही. पुढे चेक आणि स्लोव्हाकांच्या सामाईक राष्ट्रासाठी झालेल्या १९१८ च्या पिट्सबर्ग करारातील स्लोव्हाक स्वायत्ततेचे आश्वासन चेकोस्लोव्हाकियाच्या प्राग सरकारने पाळले नाही, १९२५ मध्ये २३ जागा जिंकून पक्ष स्लोव्हाकियात सर्वांत मोठा ठरला, १९२७ मध्ये तो सरकारातही गेला आणि योझेफ टिसो आरोग्यमंत्री झाले. मात्र १९२९ मध्ये पक्षाचे नेते व्होयतेख तुका यांना देशद्रोहाबद्दल शिक्षा होताच तो बाहेर पडला. स्वायत्तता लांबत गेली तसतसे पक्षातील तरुण जहालांचे फावले, ही मांडणी मला या सत्रातली सर्वांत मोलाची वाटली.

ऑक्टोबर १९३८ नंतरचा भाग मात्र अक्षरशः उरकला गेला. म्युनिक करारानंतर मिळालेली स्वायत्तता, इतर पक्षांचा शेवट, पक्षाचे निमलष्करी दल ह्लिंका गार्ड, १४ मार्च १९३९ चे जर्मनीच्या छायेतले ‘स्वातंत्र्य’ हे सारे टिपणाच्या एका पानात आटोपले. ज्यूंवरील अत्याचारांचे खापर वक्त्यांनी केवळ बर्लिनवर फोडले, ते पटण्याजोगे नाही. सप्टेंबर १९४१ ची ज्यूविरोधी संहिता ब्रातिस्लाव्हाच्या, म्हणजे स्लोव्हाकियाच्याच, सरकारने काढली होती. १९४२ मध्ये सुमारे ५८,००० ज्यूंना देशाबाहेर धाडले गेले, तेव्हा माणशी ५०० राइशमार्क जर्मनीला देण्याचे याच सरकारने मान्य केले होते, आणि राष्ट्राध्यक्षपदी असलेले टिसो स्वतः धर्मगुरू होते. एका ज्येष्ठ श्रोत्यांनी नेमके हेच विचारले, तर ‘वेळ संपली’ असे उत्तर मिळाले. १९३८ ते १९४५ या काळासाठी संयोजकांनी स्वतंत्र सत्र ठेवावे; त्याचेही शंभर रुपये मी आनंदाने भरीन.