टाके पडल्यानंतरच्या गोळ्या: अख्ख्या गिळाव्यात, कुटून घ्याव्यात की सिरप मागावे?

विळीवर बोट खोल कापले किंवा दुचाकी घसरून गुडघा फुटला आणि दोन-चार टाके पडले, तर जखमेचा ठणका बहुधा काही दिवसांत ओसरतो. त्यानंतर माणूस कंटाळतो तो गोळ्यांना. गेल्या पावसाळ्यात माझ्या तळपायात पत्रा घुसला तेव्हा ड्रेसिंगचे मला फारसे काही वाटले नाही, परंतु दिवसातून दोनदा घ्यायच्या त्या लांबट प्रतिजैविकाच्या गोळीची वेळ जवळ आली की जेवणावरची वासनाच उडत असे. अशा वेळी तीन वाटा दिसतात: गोळी कशीबशी अख्खी गिळणे, ती कुटून मधात किंवा केळ्यात घेणे, अथवा डॉक्टरांकडून त्याच औषधाचे पातळ रूप लिहून घेणे. यांतली वाट निवडण्याआधी आपल्याला त्रास नेमका कुठे होतो, जिभेवर, घशात की पोटात, हे पाहावे, कारण एका ठिकाणचा त्रास टाळणारा उपाय दुसऱ्या ठिकाणचा त्रास वाढवू शकतो.

कुटून घेण्याची वाट सर्वांत सोपी वाटते आणि तीच सर्वांत जास्त फसवते. वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्यांवर असे आवरण असते की ते जठरात न विरघळता आतड्यात पोहोचल्यावर विरघळावे; ते खलबत्त्यात फोडले तर औषध थेट जठराच्या अस्तरावर पडते. पाकिटावर नावापुढे एसआर किंवा ईआर अशी अक्षरे असली, तर ती गोळी दिवसभर थोडी थोडी सुटण्यासाठी बनवलेली असते आणि कुटल्यास सगळी मात्रा एकदम अंगात जाते. प्रतिजैविकाच्या गोळीवरचे पातळ आवरण पुष्कळदा केवळ कडूपणा झाकण्यासाठी असते, त्यामुळे तिथे धोका कमी असला तरी उपयोगही उलटाच होतो: जी चव क्षणभर जिभेला लागली असती, ती भुकटी होऊन दातांच्या फटींपर्यंत पसरते. मोठ्या गोळीवर मधोमध खाच असेल आणि औषधविक्रेत्याने होकार दिला, तर तिचे दोन तुकडे करून लागोपाठ गिळणे हा कुटण्यापेक्षा कितीतरी बरा मार्ग आहे.

सिरपचा विचार प्रौढांच्या मनात हमखास येतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहावा. जखमेसाठी नेहमी लिहिली जाणारी प्रतिजैविकाची ६२५ ची गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. लहान मुलांसाठी मिळणाऱ्या एका नेहमीच्या ड्राय सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला अमॉक्सिसिलिन २०० आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल २८.५ मिलिग्रॅम असते. म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन मिळवायला एका वेळी साडेबारा मिलिलिटर घ्यावे लागेल, आणि तरीही दुसरा घटक १२५ ऐवजी जेमतेम ७१ मिलिग्रॅमच पोटात जाईल. दिवसातून तीनदा घ्यायचे असेल, तर ३० मिलिलिटरची बाटली एक दिवसही पुरणार नाही. शिवाय पाणी मिसळल्यावर ही बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण सात दिवसांत संपवावी लागते. हा बदल त्यामुळे घरी बसून चमच्यांच्या हिशेबाने करण्यासारखा नाही. गिळणे खरोखरच अशक्य असेल तर डॉक्टरांनीच मात्रा ठरवून द्यावी.

उरतो तो अख्खी गिळण्याचा मार्ग. घशात अडकण्याची भीती हीच ज्यांची मुख्य तक्रार आहे, त्यांच्यासाठी माझा कौल यालाच आहे, कारण भीती बरीचशी रीत चुकल्यामुळे असते. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली १५१ प्रौढांवर दोन रीती करून पाहिल्या. गोळीसाठी मऊ प्लास्टिकची पाण्याची बाटली घ्यायची, गोळी जिभेवर ठेवून बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि बाटलीत हवा शिरू न देता पाणी ओढत गिळायचे. या रीतीने सुमारे ६० टक्के वेळा गिळणे सोपे झाले. कॅप्सूल हलकी असल्याने पाण्यावर तरंगते, म्हणून तिथे मान मागे टाकण्याऐवजी हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचे, आणि त्याचा गुण सुमारे ८९ टक्के वेळा आला. आपण सगळे लहानपणापासून मान वर करूनच गोळी घेत आलो आहोत, हे लक्षात घेतले म्हणजे कॅप्सूल टाळूला का चिकटते याचा उलगडा होतो. ज्यांना साधे पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांनी मात्र हे प्रयोग करू नयेत.

औषध कशासोबत घ्यावे यासाठी आपल्याकडे ‘अनुपान’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि पोटाच्या तक्रारींत निवड खरे तर त्याचीच करायची असते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घेतली तर मळमळ कमी होते. मी ती उपाशीपोटी चहासोबत घेत होतो आणि दोष गोळीला देत होतो. पित्ताची पॅन्टोप्रॅझोल जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली जाते, तर डायक्लोफेनॅक जेवणानंतर घ्यावी. जखम झाली की घरातली वडीलधारी माणसे प्रेमाने हळदीचे दूध पुढे करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांपैकी एखादे प्रतिजैविक चालू असेल, तर दूध, दही आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्या औषधाच्या वेळेपासून चांगल्याच लांब ठेवाव्यात, कारण कॅल्शियमशी बांधले गेलेले औषध अंगी लागत नाही. डॉक्सिसायक्लिन तर भरपूर पाण्यासोबत, बसूनच घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो.

मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळीचा प्रकार वेगळाच आहे. तिची धातूसारखी चव गोळी गिळून झाल्यावरही तोंडात रेंगाळते, कारण औषध लाळेतूनही बाहेर येते. तिथे आवरण, मध किंवा बाटलीची रीत यांतले काही चालत नाही. आवळा सुपारी किंवा लवंग तोंडात धरावी, कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस मद्य टाळावे आणि चव आपोआप जाण्याची वाट पाहावी.

गोळ्यांची संख्याच छळत असेल, तर चौथी वाटही आहे: कोणती गोळी वगळता येईल हे डॉक्टरांना विचारणे. सूज उतरावी म्हणून आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सेराशिओपेप्टिडेजच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. जपानमध्ये निर्मात्या कंपनीनेच २०११ साली ते बाजारातून मागे घेतले. मी विचारले, आणि तिसऱ्या दिवशी माझी ती गोळी बंद झाली. प्रतिजैविक मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये.

मुलांच्या बाबतीत सिरप आणि पाण्यात विरघळणारी डीटी गोळी यांत निवड करायची झाल्यास मी सिरपला झुकते माप देईन. ते फ्रिजमध्ये गार राहते, गारव्याने चव बोथट होते, आणि सुई नसलेल्या सिरिंजने ते गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडता येते. आधी बर्फाचा तुकडा चोखायला दिला तर आणखी बरे. मध चाटवायचा असेल तर मूल एक वर्षापेक्षा मोठे हवे. औषध पेलाभर दुधात मिसळण्याची युक्ती मात्र टाळावी, कारण मुलाने अर्धा पेला टाकला तर किती मात्रा पोटात गेली हे कोणालाच सांगता येत नाही.